रूपविकारी तारा

ज्या ताऱ्याची पृथ्वीवरून दिसणारी तेजस्विता काळानुसार बदलते, त्यास रूपविकारी तारा किंवा चल तारा असे म्हणतात. हा बदल काही मिनिटांत होऊ शकतो किंवा त्यास कित्येक वर्षे लागू शकतात. त्याचे प्रमाण केवळ उपकरणांनाच जाणवेल इतके सूक्ष्म असू शकते, किंवा तारा काही तासांत हजारो पट उजळू शकतो. बदलाचे कारण ताऱ्याच्या अंतरंगात असल्यास तो अंतःस्थ रूपविकारी आणि ग्रहण, परिभ्रमण यांसारख्या बाह्य कारणांमुळे बदल दिसत असल्यास तो बहिःस्थ रूपविकारी मानला जातो. काटेकोर अर्थाने पाहता बहुतेक सर्व तारे थोड्याफार प्रमाणात रूपविकारी आहेत. सूर्याचे उत्सर्जनही सुमारे ११ वर्षांच्या डागचक्राबरोबर साधारण ०.१ टक्क्याने बदलते.

ताऱ्यांची अंतरे, वस्तुमाने, त्रिज्या आणि अंतर्गत रचना यांविषयीचे पुष्कळसे ज्ञान रूपविकारी ताऱ्यांच्या अभ्यासातून मिळाले आहे. आकाशगंगेबाहेर इतर दीर्घिका आहेत, ही गोष्टही अशाच एका ताऱ्यामुळे निर्विवादपणे सिद्ध झाली. खगोलशास्त्राच्या या शाखेत हौशी निरीक्षकांचा वाटा अठराव्या शतकापासून आजपर्यंत अखंडपणे महत्त्वाचा राहिला आहे.

इतिहास

तारे अविकारी आहेत, ही कल्पना युरोपात ॲरिस्टॉटलच्या काळापासून रूढ होती. १५७२ साली शर्मिष्ठा तारकासमूहात आणि १६०४ साली भुजंगधारी तारकासमूहात दिसलेल्या 'नव्या' ताऱ्यांनी या कल्पनेस धक्का दिला. मात्र हे तारे एकदाच उजळून दिसेनासे झाले होते. पुन्हापुन्हा उजळणारा व मंदावणारा पहिला तारा तिमिंगल तारकासमूहात सापडला. जर्मन धर्मोपदेशक डाव्हिड फाब्रिसियस यांनी ऑगस्ट १५९६ मध्ये तो पाहिला. काही आठवड्यांनी तो अदृश्य झाल्यामुळे त्यांनी तो नवतारा मानला. परंतु १६०९ साली तोच तारा त्यांना पुन्हा दिसला. १६३८ मध्ये योहानेस होलवार्डा यांनी त्याचे उजळणे सुमारे ११ महिन्यांच्या अंतराने होत असल्याचे दाखविले. योहानेस हेवेलियस यांनी १६६२ साली त्यास मीरा म्हणजे 'अद्भुत' हे नाव दिले.

ययाति तारकासमूहातील अल्गोल या ताऱ्याची तेजस्विता बदलते, हे इटालियन खगोलशास्त्रज्ञ जेमिनियानो मोंतानारी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात नोंदविले होते. त्या बदलातील नियमितपणा इंग्लंडमधील यॉर्क येथील जॉन गुडरिक या तरुणाने शोधला. गुडरिक जन्मतः किंवा अगदी बालपणापासून बहिरे होते. शेजारी व आप्त असलेले एडवर्ड पिगॉट यांच्या सोबतीने ते आपल्या घराच्या खिडकीतून आकाशाचे वेध घेत असत. १७८२–८३ मधील निरीक्षणांवरून अल्गोल दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी मंदावतो, असे त्यांनी सिद्ध केले. एखादी काळी वस्तू ताऱ्याभोवती फिरत असून ती ठरावीक काळाने त्याचा प्रकाश अडवीत असावी, हे स्पष्टीकरणही त्यांनी सुचविले. या कार्याबद्दल रॉयल सोसायटीने १७८३ साली त्यांना कॉप्ली पदक दिले. १७८४ मध्ये पिगॉट यांना गरुड तारकासमूहातील ईटा ताऱ्याचा आणि गुडरिक यांना स्वरमंडलातील बीटा व वृषपर्वा तारकासमूहातील डेल्टा या ताऱ्यांचा रूपविकार आढळला. १७८६ मध्ये वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी गुडरिक यांचे निधन झाले. अल्गोलविषयीची त्यांची कल्पना मुळात बरोबर होती, हे १८८९ साली हेर्मान फोगेल यांनी वर्णपटाच्या साहाय्याने दाखवून दिले.

एकोणिसाव्या शतकात बॉन वेधशाळेचे फ्रीडरिख आर्गेलँडर यांनी या अभ्यासास पद्धतशीर रूप दिले. शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून तेजस्विता ठरविण्याची पद्धत त्यांनी विकसित केली आणि १८४४ साली खगोलशास्त्राच्या चाहत्यांना जाहीर आवाहन करून हे काम हाती घेण्याची विनंती केली. ताऱ्यांची संख्या मोठी आणि व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ मोजके असल्याने हौशी निरीक्षकांवाचून हे काम पूर्ण होणार नाही, ही त्यांची भूमिका होती. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा रूपविकारी तारे विभाग १८९० मध्ये सुरू झाला. हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या प्रोत्साहनाने पेशाने वकील असलेल्या विल्यम टायलर ओल्कॉट यांनी १९११ मध्ये रूपविकारी तारा निरीक्षकांची अमेरिकी संघटना (आव्सो) स्थापन केली.

नामकरण

ज्या रूपविकारी ताऱ्यांना आधीपासून ग्रीक अक्षराचे नाव होते, त्यांचे तेच नाव कायम ठेवले जाते. इतरांसाठी आर्गेलँडर यांनी सुरू केलेली पद्धत वापरतात. एखाद्या तारकासमूहात सापडलेल्या पहिल्या ताऱ्यास 'आर', पुढील ताऱ्यास 'एस' याप्रमाणे 'झेड'पर्यंत रोमन अक्षरे देण्यात येतात. ही नऊ अक्षरे संपल्यावर 'आरआर' ते 'झेडझेड' आणि त्यानंतर 'एए' ते 'क्यूझेड' अशा जोड्या वापरतात. 'जे' हे अक्षर वगळले जाते. अशा रीतीने ३३४ नावे संपली की पुढील ताऱ्यांना 'व्ही ३३५', 'व्ही ३३६' असे क्रमांक मिळतात. 'एसएस हंस' किंवा 'टी उत्तर मुकुट' ही नावे याच पद्धतीची आहेत.

प्रतीची संकल्पना आणि प्रकाशवक्र

ताऱ्याची दृश्य तेजस्विता 'प्रत' या एककात सांगितली जाते. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद असतो. १८५६ साली नॉर्मन पॉगसन यांनी मांडलेल्या मापश्रेणीनुसार पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजस्वितेतील बरोबर १०० पट फरक होय. म्हणून एका प्रतीचा फरक सुमारे २.५१२ पट ठरतो. अंधाऱ्या ठिकाणाहून नुसत्या डोळ्यांनी साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात.

आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर प्रत घेऊन काढलेल्या आलेखास प्रकाशवक्र म्हणतात. काळ मोजण्यासाठी महिने व वर्षे न वापरता सलग मोजला जाणारा ज्युलियन दिनांक वापरतात, त्यामुळे दोन नोंदींमधील अंतर साध्या वजाबाकीने मिळते. लागोपाठच्या दोन महत्तम किंवा दोन न्यूनतम तेजांमधील काळास आवर्तकाल म्हणतात. प्रकाशवक्राच्या आकारावरूनच बहुतेक वेळा ताऱ्याचा प्रकार ओळखता येतो. ठरावीक काळाने थोड्या वेळापुरता पडणारा खळगा ग्रहण सुचवितो, झपाट्याने चढणारा व सावकाश उतरणारा वक्र स्पंदन सुचवितो, तर दीर्घकाळ सपाट राहून अचानक उसळणारा वक्र उद्रेकाची खूण असतो.

प्रकार

स्पंदनशील तारे

हे तारे आळीपाळीने प्रसरण व आकुंचन पावतात. त्यांच्या पृष्ठाचे तापमान आणि क्षेत्रफळ बदलत असल्यामुळे तेजस्विताही बदलते.

सेफीड तारे हा यांतील सर्वांत प्रसिद्ध गट होय. डेल्टा वृषपर्वा या ताऱ्यावरून त्यास हे नाव मिळाले. या ताऱ्याची प्रत ५.३७ दिवसांत ३.५ ते ४.४ दरम्यान बदलते. त्याचे उजळणे जलद आणि मंदावणे संथ असते. स्पंदन टिकून राहण्याचे कारण बाह्य थरांतील हीलियमच्या आयनीभवनात आहे. तारा आकुंचन पावला की या थराचे तापमान वाढते, हीलियमचे अणू उरलेला इलेक्ट्रॉनही गमावतात आणि थर प्रारणास अधिक अपारदर्शक बनतो. आतून येणारी ऊर्जा त्यामुळे अडून राहते, दाब वाढतो आणि थर बाहेर ढकलला जातो. प्रसरणामुळे तो थंड होतो, पुन्हा पारदर्शक बनतो, कोंडलेली ऊर्जा निसटते आणि गुरुत्वाकर्षणामुळे थर परत आत येतो. वाफेच्या यंत्रातील झडपेप्रमाणे हा थर उघडझाप करीत असतो. ताऱ्याचे स्पंदन उष्णता-यंत्रासारखे असावे, ही कल्पना आर्थर एडिंग्टन यांनी मांडली होती.

आरआर स्वरमंडल तारे सेफीडांपेक्षा मंद असून त्यांचा आवर्तकाल सामान्यतः एका दिवसाहून कमी असतो. ते वृद्ध तारे असून गोलाकार तारकागुच्छांत मोठ्या संख्येने आढळतात.

मीरा प्रकारचे तारे हे आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील तांबडे राक्षसी तारे होत. त्यांचे आवर्तकाल साधारणपणे १०० दिवसांहून अधिक असतात. स्वतः मीरेचा आवर्तकाल सुमारे ३३२ दिवसांचा आहे. महत्तम तेजाच्या वेळी ती नुसत्या डोळ्यांनी सहज दिसते. न्यूनतम तेजाच्या वेळी मात्र नवव्या प्रतीच्या आसपास जाऊन दुर्बिणीवाचून दिसेनाशी होते. प्रत्येक आवर्तनातील महत्तम तेज सारखे नसते. या ताऱ्यातून अंतराळात फेकल्या जाणाऱ्या द्रव्याची सुमारे १३ प्रकाशवर्षे लांबीची शेपटी २००७ साली गॅलेक्स या अवकाश दुर्बिणीने टिपली.

अर्धनियमित तारे या गटात काक्षी व ज्येष्ठा यांसारखे तांबडे महाराक्षसी तारे येतात. यांच्या बदलांत आवर्तन असते, पण ते घड्याळासारखे नसते.

प्रलयी रूपविकारी तारे

या प्रकारात बहुधा एक श्वेत बटू आणि एक सामान्य तारा परस्परांभोवती अगदी जवळून फिरत असतात. सहचर ताऱ्याचे द्रव्य श्वेत बटूकडे ओढले जाते आणि त्याच्याभोवती तप्त वायूची चकती तयार होते. ही चकती मधूनमधून अस्थिर होऊन उजळते. अशा ताऱ्यांना बटू नवतारे म्हणतात. एसएस हंस हा त्यांतील सर्वाधिक निरीक्षिला गेलेला तारा असून एरवी बाराव्या प्रतीचा हा तारा काही आठवड्यांच्या अंतराने आठव्या प्रतीपर्यंत उसळतो.

श्वेत बटूच्या पृष्ठावर साचलेल्या हायड्रोजनचे अणुकेंद्रीय ज्वलन एकाएकी सुरू झाल्यास नवतारा दिसतो. काही ताऱ्यांत ही घटना मानवी आयुष्याच्या मर्यादेत पुन्हा घडते. टी उत्तर मुकुट हा एरवी दहाव्या प्रतीचा तारा १८६६ व १९४६ साली उजळून दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत पोहोचला होता. सुमारे ८० वर्षांचे हे अंतर पाहता त्याचा पुढील उद्रेक एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अपेक्षित मानला गेला आहे.

संपूर्ण ताराच स्फोटात नष्ट होतो, तेव्हा अतिदीप्त नवतारा दिसतो. श्वेत बटूच्या स्फोटातून निर्माण होणाऱ्या 'आयए' प्रकारच्या अतिदीप्त नवताऱ्यांची खरी तेजस्विता ठरविता येत असल्याने दूरच्या दीर्घिकांची अंतरे मोजण्यास ते उपयोगी पडतात. यांच्याच अभ्यासातून १९९८ साली विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचे आढळले.

उद्रेकी तारे

यांत ताऱ्याच्या वातावरणातील ज्वाला किंवा द्रव्याचे उत्सर्जन यांमुळे बदल होतात. ईटा करीनी हा तारा १८४३ च्या सुमारास व्याधाखालोखाल तेजस्वी झाला होता आणि पुढे नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. आर उत्तर मुकुट याचे वर्तन उलट आहे. सामान्यतः सहाव्या प्रतीचा हा तारा अनियमित काळाने एकाएकी मंदावतो आणि कधीकधी चौदाव्या प्रतीपर्यंत उतरतो. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या कार्बनची काजळीसारखी धूळ आपल्या दृष्टिरेषेत आल्यामुळे असे होते. हा रूपविकार पिगॉट यांनी १७९५ मध्ये शोधला.

पिधानकारी तारे

युग्मताऱ्याची कक्षा पृथ्वीवरून जवळजवळ कडेने दिसत असेल, तर एक तारा दुसऱ्यास ठरावीक काळाने झाकतो. अल्गोल हा या प्रकाराचा आदर्श होय. त्यातील मंद पण आकाराने मोठा तारा तेजस्वी ताऱ्यासमोर आला की सुमारे दहा तास ग्रहण चालते आणि प्रत २.१ वरून ३.४ पर्यंत उतरते. म्हणजे प्रकाश सुमारे ३० टक्क्यांवर येतो. अल्गोलमधील कमी वस्तुमानाचा तारा उत्क्रांतीत पुढे गेलेला आहे. जास्त वस्तुमानाचे तारे लवकर वृद्ध होतात, या नियमाशी हे विसंगत वाटते. त्याचे उत्तर असे की, आज हलका असलेला तारा पूर्वी जड होता व त्याने आपले बरेचसे द्रव्य जोडीदारास दिले आहे.

सारथी तारकासमूहातील एप्सिलॉन हा तारा सुमारे २७ वर्षांतून एकदा मंदावतो आणि ते ग्रहण जवळजवळ दोन वर्षे टिकते. २००९–११ मधील ग्रहणाच्या वेळी घेतलेल्या प्रतिमांतून धुळीची एक विशाल चकती ताऱ्यासमोरून सरकताना प्रत्यक्ष दिसली.

निरीक्षणाची पद्धत

रूपविकारी ताऱ्याची प्रत डोळ्यांनी ठरविण्यासाठी तुलनाताऱ्यांचा उपयोग करतात. ज्यांची प्रत स्थिर व अचूक माहीत आहे असे दोन तारे निवडले जातात. त्यांपैकी एक रूपविकारी ताऱ्याहून किंचित तेजस्वी व दुसरा किंचित मंद असावा लागतो. या दोहोंच्या दरम्यान रूपविकारी ताऱ्याचे स्थान कोठे आहे, याचा अंदाज केला जातो.

डेल्टा वृषपर्वाजवळ झीटा (प्रत ३.४) आणि एप्सिलॉन (प्रत ४.२) हे दोन सोयीचे तुलनातारे आहेत. एखाद्या रात्री डेल्टा या दोहोंच्या बरोबर मध्ये वाटला, तर त्याची प्रत ३.८ होते. तो झीटापासून एक चतुर्थांश अंतरावर वाटला, तर ०.८ या फरकाचा चौथा भाग ०.२ येतो आणि प्रत ३.६ ठरते. सराव असलेल्या निरीक्षकाचा अंदाज सामान्यतः एक ते दोन दशांश प्रतीपर्यंत बरोबर येतो. नोंदीत ताऱ्याचे नाव, तारीख व वेळ, अंदाजित प्रत, वापरलेले तुलनातारे आणि आकाशस्थिती लिहिली जाते.

या पद्धतीत काही चुका नेहमी संभवतात. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहिल्यास तो अधिकाधिक तेजस्वी भासू लागतो, म्हणून ओझरती नजर टाकून अंदाज करावा लागतो. क्षितिजालगतच्या ताऱ्याचा प्रकाश वातावरणात अधिक शोषला जातो, त्यामुळे तुलनातारे साधारण तेवढ्याच उंचीवरील असावे लागतात. सर्वांत मोठा दोष पूर्वग्रहाचा होय. आदल्या दिवशीची नोंद किंवा अपेक्षित प्रत मनात ठेवून पाहिले, तर अपेक्षित तेच दिसू लागते. म्हणून जे दिसले तेच लिहावे, अपेक्षेशी न जुळणारी नोंद बदलू नये, आणि तारा दिसलाच नाही तर 'अमुक प्रतीहून मंद' अशी नोंद करावी, असा दंडक आहे. नवताऱ्यांच्या बाबतीत अशी 'न दिसल्याची' नोंदही मोलाची ठरते. कारण तिच्यावरून उद्रेकाची सुरुवात कोणत्या दोन वेळांच्या दरम्यान झाली, हे समजते.

सध्या अनेक हौशी निरीक्षक लहान दुर्बिणीस इलेक्ट्रॉनिक कॅमेरा जोडून प्रकाशमापन करतात. त्यातून प्रतीच्या शतांशापर्यंतची अचूकता मिळू शकते.

खगोलशास्त्रातील महत्त्व

हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रांच्या काचपट्ट्या तपासण्याचे काम करणाऱ्या हेन्रिएटा स्वान लेविट यांनी १९०८ मध्ये मॅगेलनी मेघांतील १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. १९१२ साली त्यांनी लहान मॅगेलनी मेघातील २५ सेफीड ताऱ्यांच्या आधारे, ज्याचा आवर्तकाल जास्त तो तारा अधिक तेजस्वी, असा नियम मांडला. हे सर्व तारे पृथ्वीपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्यामुळे दृश्य तेजातील फरक हा त्यांच्या खऱ्या तेजातील फरक होता. या नियमामुळे केवळ आवर्तकाल मोजून ताऱ्याचे खरे तेज आणि त्याची दृश्य तेजाशी तुलना करून अंतर काढणे शक्य झाले. पराशयाच्या पद्धतीने त्या काळी केवळ जवळच्या ताऱ्यांचीच अंतरे मोजता येत असत. सेफीडांनी ती मर्यादा ओलांडली.

देवयानी तारकासमूहातील अंधूक तेजोमेघ आकाशगंगेतच आहे की ती स्वतंत्र दीर्घिका आहे, याविषयी त्या वेळी तीव्र मतभेद होता. ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत एडविन हबल यांना त्या तेजोमेघात एक सेफीड तारा सापडला. त्याच्या सुमारे ३१ दिवसांच्या आवर्तकालावरून काढलेले अंतर आकाशगंगेच्या विस्तारापेक्षा कितीतरी अधिक निघाले आणि देवयानी ही स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. हबल यांचा आकडा सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे होता; आज हे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते. सेफीडांचे दोन निरनिराळे प्रकार असून त्यांची गल्लत झाली होती, हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ साली जाहीर केले, तेव्हा विश्वातील अंतरांचे मोजमाप एकदम दुपटीने वाढले. एका गटातील ताऱ्यांचे चुकीचे वर्गीकरण संपूर्ण विश्वाच्या आकारमानावर परिणाम करू शकते, हे या घटनेतून स्पष्ट झाले.

पिधानकारी युग्मताऱ्यांपासून ताऱ्यांची वस्तुमाने व त्रिज्या थेट मोजता येतात. परग्रहांच्या शोधासाठी वापरली जाणारी अधिक्रमण पद्धत तत्त्वतः हीच आहे. फरक इतकाच की, तेथे ताऱ्याऐवजी ग्रह प्रकाश अडवितो.

हौशी निरीक्षकांचे योगदान

मोठ्या दुर्बिणींचा वेळ मोजका व महाग असल्याने एकाच ताऱ्याकडे वर्षानुवर्षे रोज पाहणे व्यावसायिक वेधशाळांना परवडत नाही. जगभर विखुरलेले हौशी निरीक्षक हे काम करू शकतात. एका देशात दिवस असताना किंवा आकाश ढगाळ असताना दुसऱ्या देशातील निरीक्षक नोंद घेतो आणि प्रकाशवक्र अखंड राहतो. अशा रीतीने जमलेल्या आव्सोच्या संग्रहात कोट्यवधी नोंदी असून काही ताऱ्यांचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास त्यात उपलब्ध आहे.

या नोंदींचा उपयोग प्रत्यक्ष संशोधनात होतो. हबल अवकाश दुर्बिणीच्या वर्णपटमापकाने प्रलयी ताऱ्यांचे वेध घेण्याच्या एका प्रकल्पात, ताऱ्याचा उद्रेक चालू असल्यास उपकरणाच्या संवेदकास अपाय होण्याचा धोका होता. प्रत्येक वेधापूर्वी तारा शांत अवस्थेत असल्याची खात्री हौशी निरीक्षकांच्या ताज्या नोंदींवरून करण्यात आली. एसएस हंस ताऱ्याचे अंतर २०१३ साली रेडिओ दुर्बिणींनी अचूक मोजण्यात आले, तेव्हा उद्रेक सुरू झाल्याची सूचनाही त्यांच्याकडूनच मिळाली. ते अंतर सुमारे ३७० प्रकाशवर्षे निघाले. पूर्वी मोजलेल्या मोठ्या अंतरामुळे बटू नवताऱ्यांच्या सिद्धांतापुढे उभी राहिलेली अडचण त्यामुळे दूर झाली. हबल यांनी १९२३ मध्ये शोधलेल्या देवयानीतील सेफीडचे अवकाश दुर्बिणीतून पुन्हा चित्रण करण्यापूर्वी त्याचा प्रकाशवक्र हौशी निरीक्षकांनीच नव्याने तयार करून दिला.

ऑस्ट्रेलियातील धर्मोपदेशक रॉबर्ट इव्हान्स यांनी दुर्बिणीला डोळा लावून ४० हून अधिक अतिदीप्त नवतारे शोधले. अर्जेंटिनातील रोसारियो येथील व्हिक्टर बुसो हे २० सप्टेंबर २०१६ रोजी आपल्या दुर्बिणीवर नवा कॅमेरा तपासत असताना त्यांच्या चित्रांत एका अतिदीप्त नवताऱ्याचा अगदी आरंभीचा प्रकाश टिपला गेला.

२०१९ च्या अखेरीस काक्षी हा तारा असाधारणपणे मंदावू लागला. एरवी सुमारे ०.५ प्रतीचा हा तारा फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला आणि त्याचा स्फोट जवळ आल्याची चर्चा झाली. तो पुन्हा पूर्ववत झाला. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूपासून तयार झालेला धुळीचा ढग व पृष्ठभागाचा थंडावलेला भाग ही त्यामागील कारणे असल्याचे पुढील संशोधनातून दिसून आले. ही घट किती असामान्य आहे, हे दीर्घकालीन हौशी नोंदींमुळेच ठरविता आले.

भारतातील निरीक्षण

प्रतीची आधुनिक मापश्रेणी देणारे नॉर्मन पॉगसन १८६१ पासून १८९१ पर्यंत मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये दक्षिण आकाशातील आर रेटिक्युलम या ताऱ्याचा रूपविकार शोधला.

हौशी निरीक्षकांत राधागोविंद चंद्र (१८७८–१९७५) यांचे नाव अग्रगण्य आहे. बंगालमधील जेसोर (सध्या बांगलादेश) येथील सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याची नोकरी ते करीत. प्रवेश परीक्षेत अपयशी ठरल्यामुळे त्यांचे औपचारिक शिक्षण पुढे झाले नव्हते. स्वतःच्या तीन इंची दुर्बिणीतून ते नियमित वेध घेत. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात विसाव्या शतकातील सर्वांत तेजस्वी नवतारा दिसला, तेव्हा त्यांनी त्याची निरीक्षणे हार्वर्ड वेधशाळेकडे पाठविली. यातून त्यांचा आव्सोशी संबंध आला. त्यांच्या कामाची दखल घेऊन संघटनेने १९२६ साली त्यांना सहा इंची दुर्बीण वापरण्यास पाठविली. सुमारे साडेतीन दशकांत त्यांनी ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. फाळणीनंतर ते पश्चिम बंगालमधील बारासत येथे स्थायिक झाले. त्यांनी परत केलेली दुर्बीण पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे गेली आणि अखेरीस तमिळनाडूतील कावलूर वेधशाळेत ठेवण्यात आली.

महाराष्ट्रात पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था (स्थापना १९४४) ही देशातील जुन्या हौशी खगोल संस्थांपैकी एक असून आकाशदर्शनाचे कार्यक्रम ती दीर्घकाळ चालवीत आहे. मुंबईतील खगोल मंडळही आकाशदर्शनाचे उपक्रम करते. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर या काळात पावसाळी ढगांमुळे निरीक्षणात मोठा खंड पडतो. ऑक्टोबर ते मे हा काळ अनुकूल असतो.

नवोदितांसाठी सोपे तारे

पुढील ताऱ्यांचे रूपविकार दुर्बिणीवाचून किंवा साध्या द्विनेत्रीने पाहता येतात. दिलेले महिने महाराष्ट्रातील सायंकालीन आकाशासाठी आहेत.

अल्गोल (ययाति): प्रत २.१ ते ३.४, आवर्तकाल २.८७ दिवस, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एरवी तेज जवळजवळ स्थिर असते. ग्रहणाची वेळ आधी पाहून ठेवावी लागते.

डेल्टा वृषपर्वा: प्रत ३.५ ते ४.४, आवर्तकाल ५.३७ दिवस, ऑक्टोबर ते डिसेंबर. उत्तर क्षितिज मोकळे असणे आवश्यक.

बीटा स्वरमंडल: प्रत ३.३ ते ४.४, आवर्तकाल १२.९ दिवस, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पश्चिमेकडे. तेज सतत बदलत असते.

मीरा (तिमिंगल): आवर्तकाल सुमारे ३३२ दिवस; नोव्हेंबर ते फेब्रुवारी. महत्तम तेज या महिन्यांत येईल त्या वर्षीच नुसत्या डोळ्यांनी दिसते.

काक्षी (मृग): प्रत साधारण ० ते १.६, अर्धनियमित, डिसेंबर ते एप्रिल. रोहिणी व पुनर्वसूतील तारे तुलनेस उपयोगी.

टी उत्तर मुकुट: एरवी दहावी प्रत, एप्रिल ते जून. तारकासमूहाची नेहमीची आकृती पाठ असल्यास उद्रेक नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो.

सद्यःस्थिती

स्वयंचलित सर्वेक्षणांमुळे ज्ञात रूपविकारी ताऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली आहे. गाया या अवकाश वेधशाळेच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीसंचात सुमारे एक कोटी रूपविकारी स्रोतांचा समावेश आहे. मात्र अनेक सर्वेक्षणांतील कॅमेरे तेजस्वी ताऱ्यांच्या प्रकाशाने संपृक्त होतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी दिसणारे तारेच त्यांच्या कक्षेबाहेर राहतात. अशा ताऱ्यांच्या बाबतीत, तसेच शंभर वर्षांपूर्वीच्या दृश्य नोंदींशी तुलना करता येईल असा प्रकाशवक्र पुढे चालू ठेवण्यासाठी, डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणांचे महत्त्व टिकून आहे.

हे सुद्धा पहा

युग्मतारा
नवतारा
अतिदीप्त नवतारा
श्वेत बटू
देवयानी दीर्घिका
पराशय
हेन्रिएटा स्वान लेविट
राधागोविंद चंद्र